तो वन्स मोअर

आमच्या व्याह्यांइतका लाजेशी संबंध नसलेला माणूस सबंध जर्मनीत दुसरा आला नसेल. गृहस्थ दोन महिन्यांसाठी सांगलीहून लेकीकडे आले. म्हणजे गार्चिंगला, मी मुलाकडे कायमचा राहतो त्याच घरी. मला चार वर्षांत जेवढी माणसं भेटली नव्हती, तेवढी आठ दिवसांत त्यांच्या ओळखीची झाली. जर्मनचा एक शब्द येत नव्हता. बेकरीतल्या बाईंशी ते अस्सल सांगलीच्या मराठीत बोलत, बाई जर्मनमध्ये उत्तर देत आणि दोघांचंही पूर्ण समाधान होई. "अहो, पाव मागायला व्याकरण कशाला?" यू-बान मेट्रोमध्ये डबा उघडला की आधी समोरच्याला विचारत, मग स्वतः खात. एकदा एका दाढीवाल्या विद्यार्थ्यानं खरंच लाडू उचलला. तेव्हापासून जर्मनीविरुद्ध ते एक अक्षर ऐकून घेत नसत.

मी पडलो शिस्तीचा. सूनबाईनं आम्हाला एका बागेतल्या ऑपेराच्या मैफलीला नेलं, तेव्हा वाटभर मी त्यांना बजावत होतो. "व्याहीबुवा, मध्येच वाहवा नाही. टाळी अगदी शेवटी."

"आणि शिंक आली तर?"

"गिळायची."

"म्हणजे दवाखान्यात बसल्यासारखं बसायचं. बरं."

हिरवळीवर लोक चीज, द्राक्षं, वाइन घेऊन पसरले होते. व्याह्यांनी चादरीवर दशम्या, भरीत, शेंगदाण्याची चटणी मांडली आणि शेजारच्या जर्मन आजीबाईंना न विचारता वाढलं. आजीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी आणखी चटणी मागितली. मी मान दुसरीकडे फिरवली.

मग हिरव्या झग्यातली गायिका गायला लागली. व्याह्यांनी हातातली दशमी खाली ठेवली, डोळे मिटले, ते उघडलेच नाहीत. तिनं सूर चढवत चढवत इतका वर नेला आणि तिथं असा सोडला, की वाद्यंही थांबली. सगळी बाग श्वास रोखून बसली होती. त्या शांततेत कुणीतरी खणखणीत ओरडलं, "वन्स मोअर!"

गाणं संपलं नव्हतं. तो नुसता विराम होता. शेकडो माना आमच्याकडे वळल्या. व्याही सावकाश उभे राहिले आणि हात जोडून चारही दिशांना वाकले.

"अप्पा! बाबांनी किती वेळा सांगितलं होतं!" सूनबाई रडकुंडीला आली होती.

"चुकलं गं. सवय."

पुढच्या मैफलीला ती त्यांना घरी ठेवून गेली. मी गेलो. त्यानंतर नऊ वर्षं हा किस्सा मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, व्याह्यांची नक्कल करून, सांगितला. लोक पोट धरून हसले.

ओरडलो मी होतो.

त्याच संध्याकाळी घरी परतल्यावर, बूट काढताना, मी त्यांना विचारलं होतं, "का केलंत हे?" ते म्हणाले, "अहो, तुम्हाला इथं जन्म काढायचाय. मी काय, सप्टेंबरात सांगलीला. लेक बापावर रुसून रुसून किती रुसेल?"

रुसली थोडीच. पण ते नंतर दोनदा आले, तेव्हाही तिनं त्यांना गाण्याला नेलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. आता गुडघ्यांमुळे त्यांना विमानप्रवास जमत नाही.

गेल्या रविवारी मी सूनबाईला सगळं सांगितलं. तिनं सांगलीला फोन लावला. "काय गं, जेवलात का?" पलीकडून नेहमीचा मोठा आवाज आला. "अप्पा," ती म्हणाली, आणि पुढे तिला काही बोलता येईना. व्याही बराच वेळ म्हणत राहिले, "हॅलो? आवाज येत नाही गं. बोल, मी आहे."