पोचल्याचा फोन

आमच्या घरात फोनचा एकच कायदा होता. निघताना सांगायचं, पोचल्यावर सांगायचं, मधात फोन करायचा नाही. मधात आलेला फोन म्हणजे काहीतरी बिघडलं. हा कायदा आईचा, आणि त्याला कारण होतं. बाबा अमरावतीहून अकोल्याला एसटीनं यायला निघाले होते आणि फोन आला तो मूर्तिजापूरच्या बसस्टँडसमोरच्या एका दुकानातून, आमच्या शेजाऱ्यांकडे. बोलणारा माणूस ओळखीचा नव्हता. तुमच्या घरचे गृहस्थ इथे पडले आहेत, कोणीतरी या, एवढंच तो बोलला. बाबा घरी आले ते जीपमध्ये आडवे.

त्यानंतर आईनं स्वतःसाठीही एक कायदा केला. खरं तर आमचं घर बौद्ध. उपासतापास, मुहूर्त, मांजर आडवं गेलं, असलं काही आईनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. गल्लीतल्या बाया उपासाचं बोलायला लागल्या की ती म्हणायची, पोटानं माह्यं काय घोडं मारलं? पण घरातलं कोणी गावाला निघालं की पोचल्याचा फोन येईपर्यंत ती अन्नाला शिवायची नाही. पाण्यालाही नाही.

मी यावरून पुष्कळ चिडले. मी अमरावतीला शाळेत मास्तरीण, माहेर अकोल्याला, महिन्या-दोन महिन्यांत फेरी ठरलेलीच. अगं, अमरावती काय विलायतेत आहे का, असं मी म्हणायची. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या खेपेला तेच करायची. शेवटी मीच सुधारले. एसटीतून उतरल्याबरोबर, पिशवी खांद्यावर, ऑटोवाले भोवती कोकलत असताना, मी आधी फोन लावायची. "पोचली." तिकडून "हं" यायचं, आणि फोन ठेवायच्या आत ताट ओढल्याचा आवाज.

मग लेकीचं बाळंतपण आलं, आणि लेक जर्मनीत. म्हणजे विलायत खरीच निघाली.

माझ्या डोक्याला एकच घोर. अकोल्याहून निघून लेकीच्या दारात पोचेपर्यंत एक अख्खा दिवस आणि वर काही तास जाणार. आईचं वय ऐंशीच्या पुढे. लेकीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, आता विमानातही फोन चालतो, पैसे भरले की झालं, तुझा पॅक मी घेऊन ठेवते. विमानाच्या पाठीवर एक अँटेना असते म्हणे, ती वर उपग्रहाशी बोलते, तो खाली जमिनीशी. मला त्यातलं इतकंच कळलं की आई वेळेवर जेवेल.

म्हणून जाताना मी विमानातून तिला फोन केला. समोरच्या कागदावर लिहिलं होतं की मेसेज करा, पण कॉल करू नका, बाजूच्यांना त्रास होतो. मी पदर तोंडाशी धरून हळूच बोलले. आईनं पहिल्याच रिंगला उचलला. पोचली का वं, म्हणाली. मी म्हटलं, नाही, वरतीच आहे, पण सुखरूप आहे, तू जेवून घे. मग मधात फोन कावून केला, म्हणाली. आणि हा आवाज कायचा येऊन राह्यला, गिरणीत बसली का? मी म्हटलं, विमानाचा आवाज आहे. तिनं "पोचली की फोन करजो" म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

जेवली नाहीच. लेकीच्या घरी पोचून मी फोन केला तेव्हाच तिनं भाकर मोडली. भाऊ मागून बोलत होता, मले वाटलं आता हिले सलाईनच लावा लागते.

तिकडे मी नातीला तेल लावलं, लेकीला डिंकाचे लाडू करून घातले. थंडीत खिडकीच्या आत बसून बाहेरचं बर्फ पाहिलं. आणि इकडे आई खंगत गेली. दवाखान्यातून तिला घरी पाठवलं. डॉक्टर भावाला म्हणाले, आता चमच्या-चमच्यानं पाणी आणि औषध पोटात जाऊ द्या, तेवढ्यावर जितके दिवस निघतील तितके. भावानं मला ते जसंच्या तसं सांगितलं. आमच्याकडे गोष्टी गोड करून सांगायची पद्धत नाही. लेकीनं दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी सामान बांधत होते. कोणती साडी खाली, कोणती वर, हेच डोक्यात.

विमान वर गेलं, पॅक सुरू केला, तर भावाचे मेसेज एकाखाली एक येऊन पडले. मेसेज म्हणजे फोन नव्हे, अशी त्यानं कायद्यातून वाट काढली होती.

झालं असं होतं की भावजयीनं सकाळी आईच्या कानात सांगितलं, ताई निघाल्या. चांगल्या मनानंच सांगितलं, म्हातारीला बरं वाटावं म्हणून. आणि आईला बरं वाटलंही, हसली म्हणे. आणि तिनं तोंड मिटलं. औषध नाही, पाणी नाही. चमचा ओठाला लावला की मान फिरवायची. मी निघाले होते, पोचले नव्हते. तिचा उपास सुरू झाला होता.

भावानं तिला सांगून पाहिलं होतं की ताई पोचली. तेव्हा आई म्हणाली, मंग तिचा फोन कुठी हाय? शेवटचा मेसेज होता, "तुलेच सांगा लागन. पोचली म्हण. उद्यापर्यंत नाही टिकत हे अशी."

मी तो वाचला आणि फोन मांडीवर ठेवला. समोरच्या पडद्यावर आमचंच विमान चिमणीएवढं दिसत होतं, कोणत्या तरी समुद्रावर. जेवणाचा ट्रे आला होता. मी तो सगळा खाल्ला, पाव, लोणी, ती गोड वडी, सगळं. आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा काहीच वाटत नव्हतं. मी बधीर झाले होते. हात आपला खात होता, मी त्याला अडवलं नाही.

मग उठले आणि मागे संडासापाशी पडदा असतो तिथे जाऊन फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा रिंग जातेय तोच हवाईसुंदरी आली. वयानं माझ्या लेकीएवढी. हिंदीत म्हणाली, मॅडम, इथून बोलायची परवानगी नाही, मेसेज करा. मला राग यायला हवा होता, माझा राग आमच्या शाळेत प्रसिद्ध आहे. पण तोही आला नाही. मी तिला म्हटलं, "माह्यी माय माह्या फोनसाठी पाणी नाही पिऊन राह्यली, बाई." वऱ्हाडीतच म्हटलं, हिंदी सुचलीच नाही. तिला किती समजलं कोणास ठाऊक. तिनं माझ्याकडे पाहिलं, पडदा ओढला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

भावानं फोन आईच्या कानाशी धरला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आवाज तुटत होता, म्हणून मला ओरडून बोलावं लागलं. इतक्या उंचावर, सगळ्या अनोळखी लोकांत, मी ओरडून खोटं बोलले.

"आई, पोचली मी."

माझा शब्द वर जाऊन खाली पोचायला वेळ लागत होता. मी वाट पाहिली.

"कुठी?" आई म्हणाली.

"घरी. अमरावतीले. उद्या तुह्याकडे येतो."

"आवाज कायचा?"

"कूलर होय. कूलर लावला."

पुन्हा तेवढाच वेळ गेला. मला वाटलं फोन कटला.

"बरं," ती म्हणाली. "जेवून घेजो."

मी जागेवर येऊन बसले. शेजारी एक वयस्कर गुजराती गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, सब ठीक? मी म्हटलं, ठीक. थोड्या वेळानं भावाचा मेसेज आला, पाणी घेतलं, औषधही घेतलं. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. एक काम होतं, ते झालं होतं.

मुंबईत उतरून फोन केला तर भाऊ म्हणाला, झोपली आहे, शांत आहे. मी विमानतळावर खुर्चीत बसून राहिले आणि सकाळी नागपूरच्या विमानात चढले. त्यात फोनबिनची सोय नव्हती. मला ते बरंच वाटलं.

नागपूरला दार उघडलं आणि थंडी अशी अंगावर आली की मी शाल कानावरून घेतली. सगळे स्वेटर-मफलरात. सामान ढकलणाऱ्या माणसाच्या तोंडातून वाफ निघत होती. तिथे पायरीवरच माझ्या लक्षात आलं. जानेवारी चालू होता. आमच्या वऱ्हाडात जानेवारीत कूलर! शेंबडं पोरगंही सांगेल की त्यात गवत भरायलाच अजून दोन महिने आहेत. जर्मनीत गरम हवेच्या खोलीत बसून माझी अक्कल गहाण पडली होती. पण तिनं पाणी घेतलं ना, मी स्वतःला म्हटलं. आजारी माणसाला थंडी कळते की उन्हाळा? खपून गेलं.

गाडी करून निघाले. अमरावती आली. माझं घर हमरस्त्यापासून आत, मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं नाही. काल याच घरातून मी फोन केला होता, असं आई समजून होती. बडनेरा गेलं, रस्त्यानं तूर कापून ढीग लावलेले. मूर्तिजापूर आलं. फोन माझ्या हातात होता आणि वाजत नव्हता. मी लावलाही नाही. मधात फोन करायचा नाही.

अकोल्याला दारासमोर चपलांचा ढीग होता. त्यावरून कळलं. भाऊ बाहेर आला आणि म्हणाला, सकाळी गेली, तू विमानात होती. आणि मग म्हणाला, "तू रस्त्यानं होती ना, म्हणून फोन नाही केला मधात." मी म्हटलं, बरं केलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडत होता, मी नव्हते.

आई पांढऱ्या चादरीत होती. विहारातले लोक आले, वंदना झाली, मीही सगळ्यांबरोबर म्हटली, एकही शब्द चुकला नाही. बायका माझ्याकडे पाहत होत्या. लेक आली आणि डोळ्याला टिपूस नाही, असं त्यांच्या मनात असणार, आणि असलं तर ते खोटं नव्हतं. मला वाटत होतं की हे सगळं पलीकडच्या खोलीत चाललं आहे आणि मी फक्त दाराशी उभी आहे. स्मशानातून माणसं परत आली. कोणीतरी उन्हात आईची गादी टाकली.

शेजारून जेवण आलं होतं. भावजयीनं मला स्वयंपाकखोलीत बसवलं आणि ताट समोर ठेवलं. मी नको म्हटलं. ती आग्रह करत राहिली नाही, समोर बसली. तिचा चेहरा सुजला होता. तुमी निघाल्या म्हणून मीच सांगितलं, ताई, असं म्हणून ती रडायला लागली. मी म्हटलं, तुझ्यामुळे काही नाही झालं, तिनं पाणी घेतलं ना. जायच्या आधी औषध-पाणी पोटात गेलं, कोरड्या तोंडानं नाही गेली. मी पोचली समजून गेली.

भावजयीनं पदरानं नाक पुसलं. सांगावं की नाही असा विचार करताना दिसली.

"नाही ना, ताई," ती म्हणाली. "तुमचा फोन ठेवला आन् माय मले म्हणते, थंडीत कूलर लावून बसली म्हणते थे. अजून गिरणीतच हाय माही पोरगी."

भावजय पुढे सांगत राहिली.

"मी म्हटलं, मंग आता? तं म्हणते, मले पाजासाठी खोटं बोलून राह्यली बिचारी. आण पाणी."

मी ताट ओढून घेतलं.