मालाच्या गाडीतली बाई

माझा नवरा नेरच्या एका व्यापाऱ्याचा कापसाचा ट्रक चालवायचा. केबिन रोज धुवायचा. घरातल्या देवाला एवढं पाणी लाभत नसे. मला मात्र त्यात कधी बसवलं नाही. राळेगावला माहेरी जायचं म्हटलं की म्हणायचा, "मालाच्या गाडीत बाईमाणूस बसवणं गुन्हा हाय. एसटीनं जाय."

सन बासष्टच्या आसपासची गोष्ट. यवतमाळच्या रस्त्यावर पोलिसांनी ट्रक अडवला, तर केबिनमध्ये एक बाई बसलेली.

"शाळेतली मास्तरीण होती. तिची एसटी चुकलती," तो घरी येऊन म्हणाला. "म्या पोलिसाले सांगतलं, बायको हाय म्हणून. आता तुले कोर्टात या लागते. घरची बाई असली त दंडावर भागते, भाड्याची सवारी ठरली त लायसन जाईन."

"भाडं घेतलं होतं?"

"नाही वं. देवाशपथ, एक पैसा नाही घेतला."

"मंग काहून बसवली?"

यावर तो पाणी प्यायला उठला.

कोर्टाला राग भाडं घेतल्याचा, मला न घेतल्याचा. घेतलं असतं तर मी सुखानं झोपले असते. फुकट कोण कोणाला नेतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती गोरी की सावळी, खिडकीशी बसली की त्याच्याजवळ, डोक्यात दुसरं काही येईना. तरी कोर्टात गेले. लायसन गेलं की चूल विझणार, हे मलाही कळत होतं.

"त्या दिवशी गाडीत तुम्हीच होता?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लाजून शेजारणीकडे पाहायचं, ती सांगते. पण माझ्या तोंडात सकाळपासून नुसता राग भरलेला. मी त्याचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत घेतलं.

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी चष्मा काढला. "घरची बाई नवऱ्याचं नाव असं घेते होय? बाई, तुम्ही शपथेवर आहात. तुम्ही यांच्या खरंच कोण?"

ती मास्तरीण पोलिसाला बायको वाटली, आणि लग्नाची मी तोतया ठरले! नवरा पिंजऱ्यातून हात जोडत होता. माझ्यापुढं त्यानं पहिल्यांदाच हात जोडले, तेही लायसनसाठी.

"बायको मीच हाय, सायेब," मी म्हणाले. "पण गाडीत मी नवती. मले त्यानं त्या गाडीत आजवर बसवलंच नाही."

साहेबांनी खोट्या साक्षीबद्दल मला चांगलंच झापलं आणि सोडून दिलं. त्याला दंड झाला, लायसन काही महिने निलंबित झालं. मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला.

आम्ही दोघं लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागलो. एका ओळीत मी, शेजारच्या ओळीत तो. माझ्याशी एक शब्द बोलत नसे. भाकरीवर घ्यायला घरात तेल नव्हतं. पण दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तो माझ्या नजरेसमोर होता, आणि एवढ्या सुखात मी पुन्हा कधी राहिले नाही.