डोमकावळ्यांनी पाठ केलेला चेहरा

घोडेगावच्या दुकानात नायलॉनच्या नव्या जाळीचा वास आला आणि मी मनानं निरगुडसरला, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पोचले.

घरामागच्या द्राक्षबागेत जाळीला डोमकावळा अडकला होता. "ऱ्हाऊ दे तसाच," सासरे म्हणाले, "त्याला बघून बाकीचं फिरकायचं न्हाईत." ते जेवायला गेल्यावर मी विळ्यानं जाळी कापली. हातात त्याचं काळीज धडधडत होतं आणि आंब्यावरून त्याचं गणगोत, मीच पकडलंय असं समजून, माझा चेहरा पाठ करत होतं.

महिनाभर मी दाराबाहेर आले की कावळे डोक्यावर झेपावायचे. जाळी लावणारे सासरे मात्र अंगणात बाजेवर खुशाल.

"कावळं उगं न्हाई मागं लागत. काय केलंस गं पोरी?" सासरे बाजेवरूनच विचारायचे.

मी उंबऱ्याआड, मान खाली घालून भाकरी थापायचे.

आज सासरे नाहीत. जाळी कुणी कापली, ते मी अजून घरात सांगितलेलं नाही.