पोत्याच्या पाया पडलेला मुलगा

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिरोडीच्या खाणीच्या ऑफिसातला एक मुलगा मला पाहायला आला. लग्नानंतर मुलीनं एम.एस्सी. केलं तरी हरकत नाही, असा निरोप त्यानं आधीच पाठवला होता. झालं! बाबा बी.एस्सी.च्या पुढे शिकवणार नव्हते; मी न पाहताच पसंत करून बसले होते.

मे महिना, भर दुपार. बालाघाटचं ऊन म्हणजे विचारू नका. बैठकीत खसचे पडदे सोडून अंधार केलेला. मुलगा वडिलांबरोबर उन्हातून आत आला, वाकला आणि थेट तांदळाच्या पोत्याच्या पाया पडला. शेजारीच बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आशीर्वादाचा हात वर करून बसलेली!

"पोट्टा रातांधळा आहे," ती स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली. तिचं कुजबुजणं कोसांवरच्या लालबर्र्यापर्यंत ऐकू जाई.

"अवं बाई, दिवस आहे ना," बाबा बैठकीतूनच म्हणाले.

"दिवसा हे हाल, मंग रात्री काय करन?"

पाहुण्यांसमोर मुलीनं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. मी सरबत ठेवलं आणि तोंड उघडलं. म्हटलं, डोळ्याच्या पडद्यात एक प्रथिन असतं. त्याच्या कुशीत एक वाकडा रेणू बसलेला असतो. उजेड पडला की तो झटक्यात सरळ होतो, मग प्रथिनाचाही आकार बदलतो आणि मेंदूला खबर जाते. कडक उन्हात बहुतेक सगळे सरळ होऊन बसतात. अंधारात दिसायला ते पुन्हा वाकडे व्हावे लागतात, त्याला वेळ लागतो. थोडं बसू द्या, यांना सगळं दिसेल.

"वाकडं व्हाले वेळ लागते?" आत्या म्हणाली. "आपल्या खानदानात तं कोणालेच लागत नाही."

बाबा हसले. मुलाचे वडील मात्र लालबुंद झाले. "आमच्या पोराच्या डोळ्यात काही वाकडं नाही! काहून रे, दिसत होतं ना तुले?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे.

"हौ. दिसत होतं."

"मंग पोत्याच्या पाया समजून-उमजून पडला?" आत्यानं विचारलं.

"हौ," तो म्हणाला. "अन्न आहे."

मेल्या, मी तुझीच बाजू घेत होते ना! असा संताप आला म्हणून सांगू. बापासमोर ज्याला एवढंसं खरं बोलवत नाही, तो माझ्या एम.एस्सी.साठी काय भांडणार? बाबांना आत बोलावून मी नाही म्हणून सांगितलं आणि चुलीपाशी बसून ढसाढसा रडले. एम.एस्सी. गेलंच होतं.

बाहेर मुलाचे वडील नकाराचं कारण विचारत होते. आत्याचा आवाज आला, "पोरीले आता दिसून राह्यलं."