कौंडण्यपूरच्या घाटावरची भिंत

आधीच सांगून ठेवते... भूत, करणी, बाहेरचं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवते मी. आणि हे लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही, राग आलाय म्हणून. दोन वर्षं होत आली, अजून उतरलेला नाही.

बाळंतपणानंतर मला जबर ताप आला. औषधांनी तो गेला, पण सोबत कानातला तोल घेऊन गेला. ऐकू सगळं येतं, तोल तेवढा राहत नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं - माणूस उभा राहतो तो डोळे, कान आणि पाय या तिघांच्या भरवशावर. तुमचा कान गेला, आता सगळी मदार डोळ्यांवर. डोळे मिटले की पडाल. भिंतीला नुसतं एक बोट टेकलं तरी सावराल.

इतकं सोपं होतं हो! पण अकोटला सासरी मी पहिल्यांदा पडले ती नेमकी देवघरासमोर. आरती झाली, हात जोडले, सवयीनं डोळे मिटले आणि धाडकन खाली. सासूबाईंनी तिथंच निदान करून टाकलं - हिला देव सोसत नाही. मग मी डोळे उघडे ठेवून नमस्कार करायला लागले. तर म्हणे, देवाकडे डोळे वटारून पाहते! आता बोला. इकडे आड, तिकडे विहीर.

मला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्यांनी माझी पोरगी काढून घेतली. ओवी तेव्हा वर्षाचीही नव्हती. दूध पाजायला बसले की तेवढी मांडीवर, उठले की नणंदेचा हात पुढे. डॉक्टरांचा रिपोर्ट वाचून दाखवला, चित्र काढून कान समजावला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "कागदाले काय समजते बाई? पोरगी तुह्या हाती देनार नाई." नवरा मूग गिळून बसलेला. पडायची भीती मलाही होती, नाही कोण म्हणतं? पण भीती वेगळी आणि बाधा वेगळी.

उन्हाळ्यात ओवीचं जावळ काढायला कौंडण्यपूरला गेलो. तिवस्याहून ऑटो केला. जावळ झालं, दुपारी वर्धा नदीच्या घाटावर आलो. तिथं माझा पदर सुटला, म्हणून नणंदेनं मागून पिन लावून दिली आणि ओवीला कडेवर घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. सासूबाई खालच्या पायऱ्यांवर पाय धूत होत्या.

तेवढ्यात पात्रातून वावटळ उठली. आमच्याकडच्या वावटळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको... समोरचं काही दिसेना. नणंदेच्या डोळ्यांत माती गेली. "वैनी, धरा हिले," म्हणत तिनं पोरगी माझ्या हातांत कोंबली. आणि माझेही डोळे मिटले. उघडताच येईनात.

दोन्ही हातांत लेक, डोळे बंद, पायाखाली अरुंद पायरी. मी पडायलाच हवं होतं. तोल मागे चालला होता, ते मला स्पष्ट कळलं... आणि पाठीला भिंत लागली. हो, भिंतच. उन्हानं तापलेली, खरबरीत. मी सगळा भार टाकून टेकले, ओवीचं डोकं छातीशी धरलं आणि वावटळ जाईस्तोवर तशीच उभी राहिले.

डोळे उघडले तर मागे काहीच नाही. नुसत्या वर जाणाऱ्या पायऱ्या. मी ओवीला घेऊन तिथंच पायरीवर बसले. नणंद माझी पाठ झटकायला लागली आणि थांबली. "वैनी, हा चुना कुठचा लागला?"

माझी जांभळी साडी पाठीवर पांढरीफटक झाली होती. पिन लावताना ती कोरी होती, हे नणंदेनंच सांगितलं. घाट सगळा काळ्या दगडाचा. नंतर मी इरेला पेटून आजूबाजूला फिरून पाहिलं. चुन्याची भिंत सोडा, चुन्याचा ओरखडाही सापडला नाही.

सासूबाई वर आल्या, डाग पाहिला, तिथंच हात जोडले. "देवानं पदरात घेतलं तुले. आता ठेव तुह्यी पोरगी तुह्याजवळ."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी परत डोळे मिटून उभं केलं, मी परत कलंडले. म्हणजे कान होता तसाच आहे. ते म्हणाले, मागून वारा लागला असेल, त्यानं सावरलं असेल. आणि चुना? त्यावर ते नुसते हसले. मी हसले नाही.

त्या भिंतीवर माझा राग नाही. तिनं माझी लेक वाचवली, ती कुणाची का असेना. राग याचा आहे की रिपोर्ट दाखवून, समजावून, रडून मागितली तेव्हा मला माझी पोरगी मिळाली नाही. चुन्याचा डाग पाहून मिळाली.