टेस्टरचा कागद

त्याला सगळे टेस्टर म्हणायचे. लोक खिशाला पेन लावतात तसा तो टेस्टर लावून हिंडायचा आणि दिसेल ती वस्तू तपासायचा. नवा बल्ब घेतला की दुकानातच लावून बघणार, कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघणार. त्याची बायको म्हणायची, "एक मलाच तेवढं न तपासता घरात आणलं, आणि तेसुद्धा अजून ऐकवतात." अशा माणसाच्या हातून चूक होते असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. टेस्टरने तर सर्वांत आधी.

तो काम करायचा ते गॅरेज त्याच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचं. टेस्टर नोकरीला होता तो कारखाना बंद पडला तेव्हा भाऊजींनी जमिनीवर रंगाची एक रेघ मारली आणि म्हणाले, "रेघेच्या इकडे माझं इंजिन, तिकडे तुझी वायरिंग." त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. भाऊजी कमी बोलणारे. नट किती आवळायचा हे त्यांना मोजावं लागत नसे. "हाताला कळतं," एवढंच ते सांगत, आणि त्यांच्या हाताला खरोखरच कळत असे.

त्या उन्हाळ्यात एका निवृत्त मुख्याध्यापक बाईंची गाडी आली. बाईंच्या वडिलांची, सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची जुनी गाडी. जुन्या इंजिनाचे भाग कुठेच मिळेनात, म्हणून भाऊजींनी तिच्यात नव्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. आता बाईंना एसी हवा होता. लेकीकडे जायचं होतं, सहा तासांचा रस्ता, आणि उन्हात गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

नव्या इंजिनापुढे जागा इतकी कमी उरली होती की पट्ट्यावर फिरणारा पंखा बसेना. म्हणून विजेचे दोन पंखे लावायचं ठरलं. एक रेडिएटरच्या मागे, तो हवा आत ओढणार. दुसरा अगदी पुढे, एसीच्या जाळीसमोर, तो हवा आत ढकलणार. पण दुकानातून आले दोन्ही ओढणारेच. भाऊजींनी पुढच्याचं पातं काढून उलटं बसवलं आणि रेघेपलीकडे आवाज दिला, "पुढच्याच्या वायरी उलट्या लाव रे. नाहीतर हवा बाहेर फेकेल."

"मला सांगता होय?" टेस्टर हसला.

काम मात्र देखणं केलं त्याने. प्रत्येक वायरीवर काळी नळी, पंखे चालू-बंद करणाऱ्या रिलेची डबी आरशासारखी पुसलेली. एसी लावला की दोन्ही पंखे सुरू, एसी बंद असला की गरजेपुरता मागचा एकटा. बाई गाडी बघायला आल्या तेव्हा तो शेवटच्या जोडण्या करत होता. एका हाताने वायरी जोडत, दुसरा हात हलवत त्याने बाईंना रिले म्हणजे काय यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. मग त्याने बटण दाबलं. पंखे घुमले, आत गार वारा आला, बाई खूश झाल्या.

"कागद?" भाऊजींनी विचारलं.

हा कागदाचा नियम खुद्द टेस्टरचाच. पंखा जोडला की जाळीसमोर कागद धरायचा. चिकटला तर हवा आत जातेय, उडाला तर बाहेर. हे त्याने साऱ्या गल्लीला शिकवलं होतं. पण गिऱ्हाइकासमोर आपलाच धडा आपल्याला कुणी विचारावा, हे त्याला झोंबलं.

"कागद नवशिक्यांसाठी असतो, भाऊजी," तो म्हणाला.

चार दिवसांत गाडी परत आली. बाई म्हणाल्या, एसी बंद असला की ठीक चालते, पण भर दुपारी गर्दीत एसी लावला की इंजिनाच्या तापमानाचा काटा चढतो आणि आत गरम हवा येते. टेस्टरने फ्यूज पाहिले, रिले पाहिले, पंखे फिरताना पाहिले. कुठल्या बाजूला हवा फेकतात तेवढं पाहिलं नाही.

"वायरिंगमध्ये काही नाही, बाई," तो म्हणाला. "रेडिएटर लहान पडतोय. एसीचा भार त्याला झेपत नाही." इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण जीभ सुटली की सुटते. "भाऊजींचा अंदाज हल्ली चुकतो थोडा. वय झालं आता."

भाऊजी रेघेपलीकडेच उभे होते. 

त्यांनी रेडिएटर काढला. जाडजूड नवा आणला, त्यासाठी पुढच्या पट्ट्या कापून पुन्हा जोडल्या. गुडघे धड वाकत नसताना तीन दिवस गाडीखाली पाठीवर पडून राहिले. तरी काटा चढलाच.

त्यानंतर भाऊजी बदलले. आवळलेला नट पुन्हा आवळू लागले. दोन पावलं जाऊन परत येऊ लागले. एकदा तर रेघेपाशी येऊन त्यांनी टेस्टरला हळूच विचारलं, "जरा बघतोस का, हा घट्ट झालाय का?" टेस्टर तपासायचा तो ऐटीसाठी. हा माणूस भीतीने तपासत होता. बहिणीचा फोन आला, "काय झालंय रे यांना? नळ बंद झाला का हे चार वेळा उठून बघतात. मलाही विचारतात."

"वय, ताई," टेस्टर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी जेवायला घरी गेले होते. काटा किती वेळात चढतो हे बघायला टेस्टरने गाडी एसी लावून सुरू ठेवली आणि तो डबा उघडून बसला. सहज त्याची नजर गाडीच्या पुढे गेली. साऱ्या फरशीवर धूळ होती, पण जाळीसमोर पंख्याएवढा तुकडा झाडल्यासारखा लख्ख होता. त्याचा घास हातातच राहिला. उठून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि पुढच्या पंख्यासमोर धरलं. पान फडफडलं, हातातून सुटलं आणि थेट दाराबाहेर गेलं.

मागचा पंखा हवा आत ओढत होता, पुढचा ती बाहेर फेकत होता. तीन आठवडे दोघांची एकमेकांशी झोंबाझोंबी चालली होती आणि खापर फुटलं होतं भाऊजींवर.  आजूबाजूला कुणी नाही हे टेस्टरने आधी पाहिलं. लाज वाटायच्या आधी त्याला ते सुचलं, आणि पुढे त्याला सर्वांत जास्त लाज वाटली ती याचीच. दोन वायरींची अदलाबदल करायला पाच मिनिटं लागली. काटा खाली आला आणि खालीच राहिला.

भाऊजी परतले. काटा बघून त्यांचा चेहरा उजळला. "काय होतं रे?"

खरं ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "रेडिएटरच्या पाण्यात हवा अडकली होती. मी काढली."

भाऊजींचा चेहरा पडला. "म्हणजे हवा काढायचीही मीच विसरलो," ते म्हणाले. मग ते आपल्या बाजूला जाऊन नट आवळायचे पाने पुसत बसले. एकेक पाना रॉकेलने पुसून त्यांनी पेटीत ओळीने लावला. पेटी उचलून रेघ ओलांडली आणि टेस्टरच्या टेबलावर ठेवली. "तू ठेव. मी या महिन्यापुरता येईन. ब्रेकचं काम असतं आपल्याकडे, कुणाचा जीव जायचा माझ्या हातून."

टेस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने खरं सांगितलं नाही. पेटी टेबलावर तशीच राहिली आणि संध्याकाळपर्यंत त्याला तिकडे बघवेना.

सकाळी बाई गाडी न्यायला आल्या. टेस्टरला वाटलं, गाडी एकदा दाराबाहेर गेली की सुटलो. तेवढ्यात भाऊजी पुढे झाले आणि त्यांनी बाईंसमोर हात जोडले. "तुम्हाला फार हेलपाटे पडले, बाई. चूक माझी. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."

टेस्टरच्याच तोंडची गोष्ट होती ती. फक्त भाऊजी ती आता खरी मानून बोलत होते.

"थांबा," टेस्टर म्हणाला. त्याने बॉनेट उघडलं.  पुढच्या पंख्याच्या दोन्ही वायरी त्याने पुन्हा चुकीच्या केल्या, जशा तीन आठवडे होत्या तशा. एसी लावला. कॅलेंडरचं आणखी एक पान फाडलं.

"भाऊजी, हे जाळीसमोर धरा."

भाऊजींनी धरलं. पान उडालं. ते वाकले, गुडघ्यावर हात ठेवून पान उचललं आणि परत धरलं. परत उडालं.

"पहिल्या दिवसापासून असं होतं," टेस्टर खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं, मीच विसरलो. बाईंसमोर तुमच्यावर ढकललं. काल मला कळलं, तरी हवा अडकल्याची थाप मारली. मला लाज वाटते, भाऊजी. तोंड दाखवायची लाज वाटते."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी वर्गात अनेकांकडे पाहिलं असेल, आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

भाऊजींनी उडालेलं पान उचलून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे माझा पहिला रेडिएटर बरोबर होता."

"हो."

"मी घरी नळ बघत होतो रे. चार चार वेळा."

 भाऊजींनी टेबलावरची पेटी उचलली आणि रेघेपलीकडे आपल्या जागी नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाले, "आता नीट जोड. कागद मी धरतो."

टेस्टरने वायरी जोडल्या. पंखे घुमले. भाऊजींनी कागद जाळीसमोर नेला आणि तो चटकन जाळीला चिकटला. टेस्टरने मान वर केली. कागद घट्ट चिकटला होता, तरी भाऊजींनी त्याखालचा हात काढला नव्हता.