न विचारता वाचलेला निबंध

त्या मुलीचा निबंध तिला न विचारता मी वर्गात वाचून दाखवला, ही माझी चूक. चांगला निबंध सगळ्यांसमोर वाचायची आमच्या शाळेत पद्धतच होती. पण त्या पद्धतीमागे मला लपायचं नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. अंबरनाथला कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना मी नववीत मराठी शिकवत होतो. घरचं माणूस जवळ कोणी नव्हतं. शेजारच्या कुळगावात भाड्याची खोली, स्टोव्हवरचा भात आणि तपासायच्या वह्या. मुलं छापील निबंध पाठ करून उतरवत. एकदा वैतागून म्हणालो, "घरात जे पाहता ते लिहा. खरं लिहा."

तिने लिहिलं, की धाकटा भाऊ तापात गेला तरी घरातला पाळणा कोणी काढलेला नाही. बाबा पाळीवरून येतात, भिंतीला टेकून बसतात आणि पायाने रिकामा पाळणा हलवत राहतात. कोणी पाहिलं की पाय मागे घेतात.

हे कुणाला तरी वाचून दाखवावं असं मला फार वाटलं. खोलीत कोणी नव्हतं. वर्ग होता.

वर्गातली निम्मी मुलं तिच्याच चाळीतली. पोरं तिच्या वडिलांना वाटेत गाठून विचारू लागली, "काय काका, निजलं का बाळ?"

तिचा पुढचा निबंध छापील आला. "यात तुझं काय आहे?" मी विचारलं.

"सर, खरं लिहा म्हणालात. सगळ्यांना ऐकवीन असं नव्हतात म्हणाला." मग खाली बघून म्हणाली, "बाबा माझ्याशी बोलत नाहीत."

तरी मी कितीतरी दिवस चाळीच्या तोंडाशी जाऊन परत फिरत राहिलो. अखेर एका रविवारी दार वाजवलं.

"या मास्तर," तिचे वडील म्हणाले. "हिचं काही चुकलं का?"

"हिचं नाही, माझं. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त मला लिहून दिलं होतं. वर्गात वाचलं ते मी. तुमची टिंगल झाली ती माझ्यामुळे."

"मला वाटलं, हीच सांगत सुटली," ते हळूच म्हणाले. "माझं राहू द्या मास्तर. माफी मागायची तर तिची मागा."

ती आतल्या दाराशी उभी होती. शिकवतानाचा आवाज मला त्या घरात काढता येईना.

"मी तुला आधी विचारायला हवं होतं," मी म्हणालो. "माझं चुकलं. मला क्षमा कर."